उन्हाळ्यातील हिरवळ : पाण्याचा हिशेब आणि मनाचा संयम

सोलापूर, नगर किंवा मराठवाड्याकडील घरांत वैशाख आला की अंगणाचा रंग पालटतो. तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, कौलेसुद्धा तापतात आणि पावसाळ्यात मोठ्या हौसेने लावलेली हिरवळ पिवळी पडू लागते. घरातील कर्ते गृहस्थ मग पाइप हाती घेतात, टाकी रिकामी होते आणि दारात टँकर उभा राहतो. शेजारच्या घरी मात्र प्यायच्या पाण्यासाठी घागरी रांगेत असतात. हिरवळ करावीच, परंतु ती कोणाच्या वाट्याच्या पाण्यावर, हा प्रश्न आपण आधी स्वतःला विचारला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते. हजार चौरस फूट, म्हणजे साधारण त्र्याण्णव चौरस मीटर हिरवळ, रोज साडेचारशे लिटरांहून अधिक पाणी पिते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी 135 लिटरांचे प्रमाण धरतात. म्हणजे ही हिरवळ तीन-साडेतीन माणसांचे पाणी घेते. तीच दोनशे चौरस फुटांवर आणली तर नव्वद-पंचाण्णव लिटरांत भागते. मुलांना बसायला आणि सायंकाळी घरच्यांना गप्पा मारायला एवढी जागा पुष्कळ होते. उरलेल्या जागेत कडुनिंब, जास्वंद, तगर यांसारखी झाडे लावावीत.

गवत निवडताना दूरची चमक पाहू नये. आपल्या शेतकऱ्याला नकोशी वाटणारी हरळी, जिच्या दूर्वा आपण जाणतो, तीच उष्ण प्रदेशाला सर्वांत योग्य. ती उन्हात जोमाने वाढते, थोडे क्षारयुक्त विंधणविहिरीचे पाणीही सोसते आणि तुडवणे सहन करते. तिला एकच गोष्ट मानवत नाही, ती म्हणजे सावली. ज्या कोपऱ्यात पाच-सहा तास ऊन येत नाही, तेथे हरळीचा हट्ट धरू नये.

जमिनीची तयारी उन्हाळ्यातच करावी. वीतभर खणून माती उलथी करावी व ऊन खाऊ द्यावी. लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढाव्यात. त्या राहिल्या तर पुढे वर्षानुवर्षे त्रास देतात. काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून पोयटा माती व कुजलेले शेणखत मिसळून किंचित उतार द्यावा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर हरळीची मुळे असलेली कांडी चार-चार बोटांच्या अंतरावर लावावीत. बी पेरण्यापेक्षा हा मार्ग खात्रीचा. दीड-दोन महिन्यांत जमीन झाकली जाते.

पुढची निगा तीन गोष्टींत सांगता येईल. पाणी पहाटे द्यावे; रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. कापणी करताना पात्याचा एकतृतीयांशाहून अधिक भाग कधीही कापू नये, आणि उन्हाळ्यात गवत थोडे उंच राखावे, म्हणजे जमिनीवर सावली राहते. खत म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला व शेवटी चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर पुरेसा होतो.

आपल्या घरांत आणखी एक विचार असतो. अनेक ज्येष्ठ मंडळी चातुर्मासात हिरवळीवर पाऊल ठेवत नाहीत, कारण त्या ओलाव्यात सूक्ष्म जीवांची वस्ती वाढलेली असते. म्हणून हिरवळीतून फरशीची पाऊलवाट ठेवावी, म्हणजे त्यांचाही मान राखला जातो. विषारी फवारणीचे तर नावही घेऊ नये. तण हाताने काढावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाणी कमी झाले की हरळी वाळते, पण मरत नाही. तिचे कांडे जमिनीखाली जिवंत राहतात आणि पहिला पाऊस पडताच आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा पालवतात. वैशाखातील तपकिरी अंगण हे आळसाचे लक्षण समजू नये. गवत आपल्या ऋतूप्रमाणे विसावा घेत असते. दारात टँकर बोलावून त्या विसाव्यात खंड पाडण्यापेक्षा, पंधरवड्यातून एकदा मुळे तगण्यापुरते पाणी द्यावे आणि वाचलेले पाणी तहानलेल्या पाखरांच्या परळात ओतावे. मृगाचा पाऊस येईल, तेव्हा अंगण पुन्हा हिरवे होईल.