विश्लेषण : टुमदार जर्मन शहर जमिनीसकट वर का उचलले गेले?

जमीन खचून घरांना तडे गेल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. जमीन फुगून घरांना तडे जाणे मात्र दुर्मीळ. जर्मनीतील श्टाउफेन या ऐतिहासिक शहरात नेमके हेच घडले आणि त्याला निमित्त ठरली पर्यावरणपूरक ऊर्जेची एक छोटी योजना.

श्टाउफेनची ओळख काय?

नैर्ऋत्य जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, फ्रायबुर्ग शहराच्या दक्षिणेला, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी हे सुमारे ८ हजार वस्तीचे शहर आहे. द्राक्षमळ्यांनी वेढलेली टेकडी, तिच्या माथ्यावर पडक्या किल्ल्याचे अवशेष आणि खाली फरसबंद गल्ल्यांचा जुना भाग असे त्याचे रूप. सैतानाशी करार करणारा डॉ. फाउस्ट १५३९च्या सुमारास येथील एका खानावळीत मरण पावला, अशी आख्यायिका आहे. याच फाउस्टवर गटेने नाटक लिहिले आणि विंदा करंदीकरांनी ते मराठीत आणले. वाइन आणि पर्यटन हा या परिसराचा मोठा आधार.

नेमके काय घडले?

शहराच्या मधोमध असलेल्या, १६व्या शतकातील नगरपालिकेच्या इमारतीचे २००७ मध्ये नूतनीकरण सुरू होते. जमिनीच्या पोटातील तापमान वर्षभर जवळपास स्थिर असते. त्याचा उपयोग करून इमारत हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात थंड ठेवायचे ठरले. त्यासाठी सप्टेंबर २००७ मध्ये सुमारे १४० मीटर खोलीची सात बोअर घेण्यात आली. त्यानंतर काही आठवड्यांतच आसपासच्या भिंतींवर बारीक भेगा दिसू लागल्या आणि त्या रुंदावत गेल्या.

जमीन फुगली कशी?

या भागात जमिनीखाली ‘अ‍ॅनहायड्राइट’ या खनिजाचा थर आहे. अ‍ॅनहायड्राइट म्हणजे पाणी नसलेले जिप्सम. त्याच्या खालच्या थरात दाबाखाली असलेले भूजल होते. बोअरमुळे या पाण्याला वर येण्याची वाट मिळाली आणि ते कोरड्या थरात शिरले. पाणी शोषले की अ‍ॅनहायड्राइटचे जिप्सम होते आणि त्याचे आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. फुगलेल्या खडकाला वर सरकण्याशिवाय जागा नव्हती. तो सरकला, तशी वरची जमीन घरांसह उचलली गेली.

नुकसान किती?

सुरुवातीला सर्वाधिक बाधित भागात जमीन महिन्याला सुमारे ११ मिलिमीटर वर येत होती. पुढील दशकभरात काही ठिकाणी ती ६० सेंटीमीटरहून अधिक उचलली गेली. सगळीकडे जमीन सारखी वर आली असती, तर इमारतींना फारसा धोका नव्हता. पण एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी उचल मिळाल्याने भिंती चिरल्या, दारे-खिडक्या अडकू लागल्या. सुमारे २७० इमारतींना फटका बसला, काही पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी ‘श्टाउफेन तुटता कामा नये’ अशी मोहीम उभारली. भरपाईसाठी शहर आणि राज्य सरकारला मोठा निधी उभारावा लागला.

उपाय काय केले?

पाण्याची वाट बंद करण्यासाठी बोअर सिमेंटयुक्त मिश्रणाने पुन्हा सीलबंद केली गेली. २००९ पासून खोल विहिरीतून भूजल सतत उपसले जात आहे, जेणेकरून पाण्याची पातळी अ‍ॅनहायड्राइटच्या खाली राहावी. त्यामुळे उचलीचा वेग महिन्याला दोन मिलिमीटरच्या आसपास आला. मात्र, पंप थांबवले तर पाणी पुन्हा चढेल. म्हणजे एका इमारतीचा इंधनखर्च वाचवण्यासाठी केलेल्या कामामुळे शहराच्या माथी कायमचा उपसा बसला.

मग भूऔष्णिक ऊर्जा धोकादायक आहे का?

तसे म्हणता येणार नाही. जर्मनीत अशा हजारो यंत्रणा विनातक्रार चालतात. प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, खाली कोणता खडक आहे याचा आहे. त्याच राज्यातील बोब्लिंगेन शहरातही अशाच बोअरनंतर घरांना तडे गेले. त्यानंतर राज्याने नियम कडक केले. जिप्सम किंवा अ‍ॅनहायड्राइट लागल्यास खोदकाम तिथेच थांबवायचे, हा त्यातील महत्त्वाचा दंडक. कोळसा आणि वायूला पर्याय शोधताना जमिनीखालची ऊब हवीच आहे. पण खोदण्याआधी भूगर्भाचा नकाशा नीट तपासण्याचा खर्च नंतरच्या भरपाईच्या तुलनेत किरकोळच असतो, हे श्टाउफेनच्या चिरलेल्या भिंतींनी दाखवून दिले आहे.