पैनगंगेच्या अलीकडचे बेला

आपल्या हैदराबादेतील जुन्या मराठी घरांतून ‘आमचा मुलूख’ म्हटले की मराठवाड्याच्या पाच जुन्या जिल्ह्यांची नावे निघतात. आदिलाबादचे नाव सहसा निघत नाही. पण आदिलाबादहून जैनथमार्गे कोरपन्याच्या रस्त्याला लागावे आणि वाटेत बेल्यास उतरावे. कानांवर पडते ती आपलीच मराठी. थोडी वऱ्हाडी वळणाची, मधूनच एखादा तेलुगू किंवा उर्दू शब्द घेऊन येणारी.

बेल्याच्या उत्तरेस पैनगंगा आहे. ही नदी पूर्वी सरहद्द नव्हती. चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी असलेल्या परमार जगद्देवाचा शिलालेख शेजारच्या जैनथास आहे. त्याच जगद्देवाच्या काळचा, 1112 सालचा, दुसरा लेख नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे आहे. दोन्ही तीरांवर सत्ता एक होती. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि नदीची सीमा झाली.

दुसरी रेघ 1 नोव्हेंबर 1956 ची. त्या दिवशी आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडल मुंबई राज्यात गेले. बेला आंध्र प्रदेशात राहिले. राजुरा तालुक्यातले कोरपना कालपर्यंत शेजारी होते, ते परराज्य झाले. पुढे 1985 साली मंडलांची व्यवस्था आली व बेला मंडलाचे ठाणे झाले. 2014 साली ते तेलंगणात आले. गाव जागचे हलले नाही. सरकारे मात्र बदलत गेली.

लोकजीवन या रेघांना फारसे मानीत नाही. जमीन काळी, पीक कापसाचे. पोळ्याला बैल सजतात, दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातल्या गोंड पाड्यांतून दंडारी नाचते, आणि सोयरीक जुळवताना नदी कोणी आडवी धरीत नाही.

प्रश्न आहे तो अक्षरांचा. 2018 च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू सक्तीची झाली. ते योग्यच, ज्या राज्यात राहायचे, त्याची भाषा मुलांना आलीच पाहिजे. या सरहद्दीवर मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. परंतु पुढचे शिक्षण आणि नोकरी ज्या भाषेत, तिकडे पालकांचा ओढा असणार. मग आजीशी मराठी बोलणारा नातू आजीने जपलेली पोथी वाचू शकणार नाही. भाषा कानांत राहील, डोळ्यांतून जाईल.

हैदराबादेत राहून हे दुःख आपल्याइतके कोणास कळणार? आपल्याच घरांत ते येऊन गेले आहे. म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते: कपाटात पडून असलेली मुलांची मराठी पुस्तके रद्दीत घालू नयेत. पैनगंगेच्या अलीकडे त्यांना अजून वाचक आहेत.