डी-डायमर किती आला?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत इंदुरातील मराठी घरांमध्ये आजाऱ्याची विचारपूस करताना ताप किती, हा प्रश्न मागे पडला होता. ‘सी.आर.पी. किती? डी-डायमर किती आला?’ हेच फोनवर ऐकू येई. ते आकडे छापून देणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांपैकी मी एक असल्यामुळे त्यांचा अर्थ सांगण्याचे दायित्वही माझ्याकडे येते.

कोरोनाच्या काही रुग्णांत, बहुधा पहिला आठवडा उलटल्यावर, शरीराचा प्रतिकारच अनावर होऊन फुफ्फुसांना इजा करू लागतो. त्या वेळी इंटरल्यूकिन-६ सारखे संदेशवाहक रेणू रक्तात येतात आणि त्यांच्या सूचनेवरून यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सी.आर.पी., मोठ्या प्रमाणात तयार करते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे प्रथिन न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात आढळले होते, हा योगायोग मला नेहमी नवलाचा वाटतो. निरोगी माणसात ते लिटरला पाच-दहा मिलिग्रॅमच्या आत असते; गंभीर आजारात शंभराच्याही पुढे जाते. रक्तातील त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे आहे. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांचा चढ-उतार अधिक बोलका ठरतो.

एल.डी.एच. पेशींची मोडतोड दर्शवते. फेरिटिन हे एरवी लोहाच्या साठ्याचे माप, पण दाहातही ते वाढते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मात्र गंभीर रुग्णांत घटतात; साध्या सी.बी.सी.मध्ये दिसणारी ही खूण स्वस्त असल्यामुळेच की काय, दुर्लक्षिली गेली.

सर्वाधिक धास्ती घेतली गेली ती डी-डायमरची. रक्ताच्या गुठळीतील फायब्रिनचे जाळे विरघळताना जे तुकडे पडतात, ते हे. वुहानमधील १९१ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांपैकी ५४ जण दगावले होते. रुग्णालयात दाखल होताना मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमहून अधिक डी-डायमर असणाऱ्यांत मृत्यूची शक्यता बरीच जास्त आढळली. मात्र हे सारे दाखल झालेले रुग्ण होते. शिवाय वार्धक्य, गरोदरपण, शस्त्रक्रिया, कर्करोग यांतही डी-डायमर वाढतो, हे घरी बसून रिपोर्ट वाचणाऱ्याला कोण सांगणार?

एका रात्री परिचयातील तरुणाचा फोन आला. “डॉक्टरकाका, बाबांचा डी-डायमर काल ४०० होता, आज तुमच्याकडे ७८० आला. दुप्पट झाला हो!” त्याने रुग्णवाहिकाही सांगून ठेवली होती. वडिलांचा ऑक्सिजन ९७, धाप नाही, जेवण व्यवस्थित. दोन्ही रिपोर्ट मागवले तेव्हा उलगडा झाला. कालची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेची, डी.डी.यू. या एककातली, आमची एफ.ई.यू.मधली. दुसऱ्या एककातला आकडा पहिल्याच्या जवळपास दुप्पटच येतो. रक्तात विशेष काही बदललेच नव्हते! दोष आमचाही होता. एकक आम्ही इतक्या बारीक अक्षरांत छापत होतो, की ते चष्म्यातूनही दिसू नये. सी.आर.पी.चेही असेच: कोणी लिटरला मिलिग्रॅम लिहितो, कोणी डेसिलिटरला, आणि फरक दहापटींचा.

ही भीती केवळ धावपळीवर थांबली असती, तर एवढे लिहिले नसते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्येच दाखवून दिले होते, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक-पंचमांशाने घटतात. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र लाभ होत नाही. कसोटी ऑक्सिजनची होती, सी.आर.पी.ची नव्हे. तरीही दुसऱ्या लाटेत सी.आर.पी. वाढलेला पाहून घरच्या घरी, चौथ्या-पाचव्या दिवशीच स्टिरॉइड सुरू झालेले रुग्ण मी पाहिले. त्यांतल्या मधुमेह्यांची साखर तीनशे-चारशेवर गेल्याचे रिपोर्टही आमच्याच यंत्रांतून निघाले. अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड ही म्युकरमायकोसिसला आयतीच जमीन. मे २०२१ मध्ये आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात त्या रुग्णांसाठी वेगळे कक्ष उघडावे लागले. दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी त्याच महिन्याच्या आरंभी सौम्य आजारात सी.टी. स्कॅन व या तपासण्या करू नयेत, असे जाहीरपणे सांगितले होते.

याचा अर्थ या तपासण्या निरुपयोगी होत्या असा मुळीच नाही. टोसिलिझुमॅब कोणाला द्यावे हे ठरवताना ‘रिकव्हरी’नेच सी.आर.पी. ७५ किंवा अधिक ही अट घातली होती. पण तिच्या जोडीला ऑक्सिजन कमी असणे ही दुसरी अटही होती. आपल्याकडे पहिली अट तेवढी लक्षात राहिली.

आता आमच्या रिपोर्टवर एकक ठळक अक्षरांत असते आणि आधीचा रिपोर्ट दुसरीकडचा असल्यास तुलना करू नये, अशी ओळही खाली छापतो. रात्रीचे फोन मात्र थांबलेले नाहीत. पावसाळा संपता संपता ते येऊ लागतात. हल्ली प्रश्न डेंग्यूच्या प्लेटलेट्सचा असतो.