लाकूड वाकविणे, कयाकबांधणीतील

कयाक ही आर्क्टिक प्रदेशातील लोकांची अरुंद, वरून बंद असलेली व दुपाती वल्ह्याने चालविली जाणारी होडी होय. तिची बांधणी मुख्यतः लाकडाच्या पातळ पट्ट्या न मोडता वाकविण्यावर अवलंबून असते. ग्रीनलंडमध्ये उंच झाडे जवळजवळ नसल्याने सायबीरियातील नद्यांतून वाहत येऊन किनाऱ्याला लागलेले लाकूड वापरीत. काठपट्ट्यांना खाचा पाडून त्यांत वाकविलेल्या फासळ्या बसवीत, सांगाडा चामड्याच्या वाद्यांनी बांधीत व त्यावर सीलचे कातडे शिवीत. अशी चौकट लाटेच्या आघाताने थोडी लवते. मात्र तडा गेलेली एखादी फासळी कातड्याखाली दडून राहिली, तर थंड पाण्यात शिकाऱ्याच्या जिवावर बेतू शके.

पट्टी वाकविताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आतील बाजू दाबली जाते. ही विकृती जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट, एवढी असते. म्हणजे ६ मिमी. जाडीची पट्टी ३० सेंमी. त्रिज्येत वाकविल्यास ती सु. १% होते. लाकूड एक-दोन टक्क्यांहून अधिक ताण सहसा सोसत नाही व गरम केल्यानेही ही मर्यादा फारशी वाढत नाही. उष्णता व ओलावा यांमुळे मात्र तंतूंना जखडून ठेवणारी लिग्निन व हेमिसेल्युलोज ही द्रव्ये सु. १००° से. च्या आसपास मऊ होतात आणि योग्य जातीचे लाकूड दाबाखाली २५ ते ३० टक्क्यांपर्यंत आखडू शकते. तेव्हा लाकूड वाकविण्याचे कौशल्य हे खरे पाहता ते दाबण्याचे कौशल्य आहे. जर्मन-ऑस्ट्रियन कारागीर मिखाएल टोनेट यांनी बीच लाकडाच्या खुर्च्या बनविताना (प्रसिद्ध १४ क्रमांकाची खुर्ची, १८५९) बाहेरच्या बाजूस धातूची पट्टी जखडली, ती याचसाठी. फासळी वाकविताना आतील बाजू दातांनी चावण्याची आर्क्टिक कारागिरांची रीतही याच तत्त्वाला धरून आहे.

फासळ्यांसाठी ओक, ॲश यांसारखे सरळ तंतूंचे, शक्यतो भट्टीत न सुकविलेले लाकूड निवडतात. तंतू तिरपे जाऊन कडेला बाहेर पडत असतील, तर तेथेच चीर पडते. दर २५ मिमी. जाडीस एक तास वाफ, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्यामुळे ६ मिमी. फासळीस पंधरा मिनिटे पुरतात. वाफेच्या पेटीस भोक ठेवणे अत्यावश्यक असते. कोंडलेल्या वाफेने पेटी फुटते. बाहेर काढलेली पट्टी काही सेकंदांतच वाकवावी लागते. सोडल्यावर ती थोडी उलटते, म्हणून हव्या त्या वक्रतेहून किंचित अधिक वाकवून सुकेपर्यंत जखडतात. नुसते थंड पाण्यात भिजत घालणे हा उष्णतेला पर्याय नव्हे.

आधुनिक पट्टीबांधणीत सीडारच्या सु. ६ मिमी. जाड व १९ मिमी. रुंद पट्ट्या साच्यांवर कडेला कड चिकटवून वर काचतंतूचे कापड व एपॉक्सी रेझीन यांचा थर देतात. सपाट बाजूने या पट्ट्या बहुधा थंडच वाकतात. कडेच्या दिशेने मात्र जोर सु. दहापट लागतो आणि वरील त्रिज्येतच विकृती ३ टक्क्यांच्या पुढे जाते. नाळेजवळ पट्टीला पीळही द्यावा लागतो. तेथे ती ओली करून उष्ण हवेच्या झोताने हळूहळू वळवितात, नाहीतर निमुळती कापून बसवितात.