कलाविद्यार्थ्यांची एक जपानी कथा

मुलानें वा मुलीनें चित्रकला शिकण्याची इच्छा दर्शवितांच वडीलधाऱ्यांस दोन चिंता ग्रासतात: एक उदरनिर्वाहाची, दुसरी तरुणांच्या परस्पर सहवासाची. चिका उमिनो या जपानी लेखिकेची ‘हनी अँड क्लोव्हर’ ही चित्रकथामाला (२००० ते २००६) या दोहोंसही सामोरी जाते. टोकियोंतील कलाविद्यार्थी ताकेमोतो सहाध्यायिनी हागूवर प्रेम करतो. ती मात्र आपली कलाच निवडते. तो कडवट होत नाहीं. सायकलीवरून उत्तरेकडे प्रवास करितांना जीर्ण मंदिरें दुरुस्त करणारे कारागीर त्यास भेटतात, आणि पुढें तेंच त्याचें जीवितकार्य ठरतें. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतही सावर्डे येथें कलाशिक्षणाची सोय आहे. पालकांस आमचें सांगणें एवढेंच, कीं नकार देण्यापूर्वीं मुलांचीं चित्रें एकदां निवांतपणें पाहावीं.