टनामागे आणि लिटरमागे
लेखमाला : विद्यापीठ आणि बाजारपेठ (लेखांक ६)

सामंजस्य करारांची गत आपण मागच्या लेखांकात पाहिली. सह्या होतात, हारतुरे होतात, वर्षभराने फाइल कपाटात जाते. मग महाविद्यालय आणि धंदा यांची सोबत टिकते तरी कशावर? माझे उत्तर रोकडे आहे : धंद्याने आपल्या मालाच्या मापानुसार संशोधनासाठी नियमित पैसा दिला, तरच ती टिकते. ज्याचा पैसा जातो तो हिशेब मागतो, आणि हिशेब मागणारा समोर बसला की प्रयोगशाळेला खरे प्रश्न मिळू लागतात.

याचा जुना दाखला हिंदी महासागरातला आहे. मॉरिशस बेट सुमारे 1,865 चौरस किलोमीटरचे, म्हणजे लातूर जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटावर गेलेली मराठी माणसेही तिथल्या उसाच्या मळ्यांत राबली. 1953 मध्ये या बेटावर ऊस संशोधन संस्था उभी राहिली, ती साखरेवरील उपकरातून. वादळात तग धरणारे वाण, रोग, जमिनीचा कस हे तिचे विषय, कारण पैसा देणाऱ्यांच्या अडचणी त्याच होत्या. 1965 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेही याच संस्थेच्या शेजारी, रेद्वी येथे, आणि आधीचे कृषी महाविद्यालय त्यात विलीन झाले. पुढे 2006 पासून युरोपने साखरेचा हमी दर टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला. एका पिकावर विसंबलेल्या बेटाला हा घाव मोठा होता. तरी तिथला धंदा कच्च्या साखरेवरून शुद्ध आणि खास साखरेकडे वळला, चिपाडापासून होणाऱ्या विजेवर त्याने अधिक भर दिला. व्यापारी धोरण आणि सरकारी मदत यांचा त्यात वाटा होताच. पण उसाची जाण असलेली माणसे आणि संस्था आधीपासून उभ्या होत्या, हेही तितकेच खरे.

यावर पहिला आक्षेप असा की तिथे मोठे मळे आणि मोजके कारखानदार. आपल्याकडे दोन-चार जनावरांचा शेतकरी. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी उभारली, आणि सभासद कारखाने गाळपाच्या टनामागे वर्गणी देत आले. त्या कारखान्यांचे मालक म्हणजे अल्पभूधारक ऊस उत्पादकच. लहान माणसांच्या धंद्यातून पैसा गोळा करणे अवघड असते, ही अडचण माल एका ठिकाणी मोजून वर्गणी आकारली की सुटते. उसाला ते ठिकाण काटा आहे, दुधाला संकलन केंद्र.

आता लातूर जिल्ह्यातल्या उदगीरकडे पाहा. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञान अशी तीन महाविद्यालये या एका तालुक्याच्या गावात आहेत. शेजारी देवणी, जिच्या नावाचा गोवंश देशभर ओळखला जातो. तरीही शासकीय दूध भुकटी प्रकल्प बंद पडून वर्षे लोटली. ज्ञान आहे, जनावर आहे, दूध आहे, दुवा नाही. एक प्रश्न घ्या : सोयाबीन वाढले तशी खरीप ज्वारी हटली आणि कडबा महागला. सोयाबीनचे भुसकट दुभत्या जनावराला किती आणि कशी प्रक्रिया करून द्यावे, म्हणजे दुधातले फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) टिकेल? हा प्रश्न गोठ्यात जन्मतो, त्याचे नुकसान डेअरीच्या काट्यावर दिसते, उत्तर मात्र महाविद्यालयातच निघू शकते. समजा, परिसरातल्या डेअऱ्यांकडे रोज एक लाख लिटर दूध येते आणि लिटरमागे पाच पैसे बाजूला काढले. रोजचे 5,000 रुपये, वर्षाचे 18 लाख 25 हजार. एवढ्यात इमारत उभी राहत नाही. पण अशा एकेका प्रश्नावर गोठ्यात जाऊन चाचण्या घेता येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पैसा देणारा संशोधनही विकत घेईल. तो धोका खराच. म्हणून विषय ठरवणाऱ्या समितीत डेअरीचालकांइतकेच दूध उत्पादक असावेत, आणि निष्कर्ष कोणाच्या गैरसोयीचे असले तरी जाहीर व्हावेत. शिवाय ही वर्गणी डेअरीने आपल्या नफ्यातून द्यावी. उत्पादकाच्या दरातून ती कापली, तर ती आणखी एक कपातच ठरेल. हे काम सरकारचे, असे म्हणणारेही असतील. पगार आणि इमारती सरकारनेच द्याव्यात, त्यात सूट नको. पण यंदा कोणता प्रश्न आधी सोडवायचा, हे मंत्रालयात बसून ठरत नाही.

तेव्हा उदगीरच्या डेअरीचालकांनी पुढच्या कराराच्या मसुद्यात एकच कलम आधी लिहावे : लिटरमागे किती पैसे. ते कलम कोरे राहणार असेल, तर सह्यांचा कार्यक्रमही ठेवू नये.