अंतर मिनिटांत मोजणारे शहर

वाशिममध्ये एखाद्याने पाटणी चौक किती लांब आहे असे विचारले, तर आपण हात वर करून दिशा दाखवतो आणि "हा काय, समोरच" म्हणून मोकळे होतो. खेड्यातले आपले आजोबा अजूनही कोसांत बोलतात. मुंबईत मात्र हाच प्रश्न विचारला की उत्तर मिनिटांत येते. "डोंबिवली? फास्टने तासभर, स्लो मिळाली तर सव्वा-दीड." किलोमीटर किती, हे सांगणारा मनुष्य तेथे क्वचितच भेटतो, कारण त्या आकड्याचा त्याला काही उपयोगच नसतो.

माझी मावशी लग्न होऊन वाशिमहून डोंबिवलीस गेली आणि तीस वर्षे फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरी करून निवृत्त झाली. गेल्या दिवाळीत ती आली असता आम्ही कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब मांडला. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत पावणेदोन तास, म्हणजे रोजचे साडेतीन तास. वर्षाला कामाचे दिवस २८० धरले तर ९८० तास. याचे अहोरात्र दिवस केले तर ते एक्केचाळीसच्या आसपास भरतात. तीस वर्षांचे मिळून सुमारे तीन वर्षे चार महिने. मावशी थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अन् त्यातली अडीच वर्षं तर मी उभीच होती रे बापा!" चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असे मांडले होते की, माणूस पायी चालो वा मोटारीने जावो, तो दिवसाकाठी सरासरी तासभरच प्रवासात घालवतो, वाहन वेगवान झाले की तो वाचलेल्या वेळात अधिक दूर राहू लागतो. मुंबईकराने या नियमाची तिप्पट-चौपट किंमत मोजलेली आहे.

असे का झाले, हे समजण्यास मुंबईचा नकाशा पाहावा लागतो. सात बेटे भरणी घालून जोडली गेली आणि दक्षिणोत्तर पसरलेली एक चिंचोळी जीभ तयार झाली. किल्ला, गोदी, पेढ्या, सरकारी कचेऱ्या हे सारे जिभेच्या दक्षिण टोकाला. वस्ती वाढण्यास जागा उरली ती उत्तरेकडेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी सुटली. शहर या रुळांच्या कडेकडेने वाढत गेले. सकाळी सारे शहर दक्षिणेकडे कलते, संध्याकाळी उत्तरेकडे.

या वाढीत आपल्या वऱ्हाडाचाही वाटा आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. गिरण्यांना कापूस लागे आणि तो वऱ्हाडातून जाई. आपल्या कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची 'शकुंतला' मुख्यतः कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच घातली गेली. ती गाडी आता बंद आहे. त्या कापसावर उभ्या राहिलेल्या गिरणगावात मात्र वाहतुकीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. परळ, लालबाग, भायखळा येथील चाळींतून कामगार भोंगा ऐकून पायी निघत. जागा कोंदट, दहा बाय बाराची, पण कामापासून हाकेच्या अंतरावर.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. गिरण्याच एकामागून एक मिटल्या. पुढे त्या जमिनींवर काचेचे मनोरे आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. ज्यांचे आईबाप तेथे पायी कामाला जात, त्यांतील कित्येक कुटुंबे बदलापूर, विरार, डोंबिवलीकडे सरकली आणि त्यांची मुले त्याच परळमध्ये लोकलने नोकरीस येऊ लागली. स्थानके, जिने, पूल मात्र गिरण्यांच्या काळच्या हिशेबाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसाची सर आल्यामुळे लोक एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर थांबले, मागून गाड्यांतून माणसे उतरतच राहिली, आणि त्या चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. नंतर लष्कराच्या मदतीने तेथे नवा पूल झाला. स्थानकाचे नाव आता प्रभादेवी आहे. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी अफवेला दोष दिला, पावसाला दिला. माझ्या मते त्या जिन्यावरची गर्दी १९८२ पासून जमत आली होती.

आता प्रत्यक्ष दिनक्रमाकडे वळू. मुंबईत मनुष्य 'आठची गाडी' म्हणत नाही, तो '८.१७' म्हणतो. ८.१७ चुकली तर ८.२१ असते, हे खरे, पण ८.१७ ला डब्यात कोण उभे राहते, कोण दादरला उतरते आणि कोणाची जागा आपल्याला मिळणार हे ठरलेले असते. तीन माणसांच्या बाकावर चौथा टेकतो, त्याला 'चौथी सीट' म्हणतात, आणि ती मिळवणे हेही भाग्यच समजले जाते. काही जण बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने मागच्या स्थानकापर्यंत जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. याला 'डाऊन करून येणे' म्हणतात. बसण्यासाठी अर्धा तास अधिक प्रवास करणे आपल्याला हास्यास्पद वाटेल, पण पाठीचे दुखणे असलेल्या माणसाला तो सौदा परवडतो.

रेल्वेच्या परिभाषेत गर्दीच्या वेळच्या या स्थितीला एक स्वतंत्र नावच आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी. वाचकांनी वर्गाच्या फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखून त्यात सोळा मित्र उभे करून पाहावेत. आम्ही पाहिले. बाराव्या मित्रानंतर भांडण झाले.

या गर्दीने काही चांगल्या गोष्टीही निर्माण केल्या, त्या नाकारण्यात अर्थ नाही. सकाळच्या गाडीत जेवणाचा डबा नेणे कठीण आणि इतक्या पहाटे स्वयंपाक होणेही कठीण. त्या अडचणीतूनच १८९० च्या सुमारास डबेवाल्यांचा धंदा उभा राहिला. महादू हावजी बच्चे हे त्याचे आद्य प्रवर्तक मानले जातात. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागांतील माणसे घरोघरचे डबे गोळा करून, त्यांवरील खुणा पाहून, बरोबर ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवतात. कोविडनंतर हा धंदा बराच रोडावला आहे. गाडीत झांजा घेऊन भजने म्हणणारी मंडळे आहेत. दसऱ्याच्या सुमारास प्रवासी आपल्या डब्याला हार-तोरणे बांधून पूजा करतात. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, लग्नेही जुळतात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू झाली. मावशी सांगते की तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी तिला शेजारात मिळाल्या नाहीत, डब्यात मिळाल्या. पण त्यातली एकही मैत्रीण तिच्या घरी कधी जेवायला आली नाही. वेळच नव्हता. रविवारी यावे म्हटले तर रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक.

घरात मुलांना आई भेटे ती रात्री साडेआठला. माझा मावसभाऊ म्हणतो की लहानपणी त्याला आईचा चेहरा आठवे तो रविवारचा आणि आवाज आठवे तो सोमवार ते शनिवारचा, स्वयंपाकघरातून आलेला.

याहून कठोर गोष्ट म्हणजे मृत्यू. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली आहेत; त्यांतली पुष्कळशी रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चार जण त्याच दिवशी दगावले. ते दारात साहस म्हणून उभे होते असे मानणाऱ्यांनी तो खडूचा चौकोन आठवावा.

रस्त्यांची कथा निराळी नाही. येथे एक प्रश्न सहज सुचतो की, रस्ते रुंद केले, पूल बांधले, तर कोंडी का सुटू नये? १९९० नंतरच्या दशकात मुंबईत ५५ उड्डाणपुलांची योजना हाती घेतली गेली. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०२४ मध्ये अटल सेतू. प्रत्येक वेळी काही दिवस मोटारी सुसाट धावल्या. अँथनी डाऊन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच याचे कारण सांगितले होते. रस्ता मोकळा झाला की जे लोक कोंडीच्या भीतीने रेल्वेने किंवा आडवेळी जात होते, ते सगळे त्याच वेळी त्याच रस्त्यावर येतात, आणि तो पुन्हा पूर्वीइतकाच भरतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा मागणीचाच नियम वाटेल. येथे किंमत रुपयांत नसून मिनिटांत आहे, एवढेच.

दुसरा एक प्रयोग मला फार मौजेचा वाटला. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. २३० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगाने फिरवण्यास सांगितले. वाटेत सिग्नल नाही, खड्डा नाही, गाय नाही. तरीही थोड्या वेळाने कोणीतरी किंचित ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि वर्तुळात आपोआप कोंडी तयार होऊन ती मागे मागे सरकू लागली. म्हणजे टॅक्सीत बसून आपण ज्या 'पुढच्या मूर्खाला' शिव्या घालतो, तो पुष्कळदा अस्तित्वातच नसतो.

मग उपाय? एक फार मोठा उपाय योजलाही गेला होता. १९६० नंतरच्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. कल्पनेचा गाभा असा की, सरकारी कचेऱ्याच तिकडे हलवाव्यात, म्हणजे माणसांचा ओघ वळेल. प्रत्यक्षात घरे तिकडे गेली, मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिले, आणि मानखुर्दहून वाशीला लोकल पोचण्यास १९९२ उजाडले. ओघ वळला नाही, लांबला. वांद्रे-कुर्ला संकुलाने काही कचेऱ्या दक्षिण टोकावरून उचलल्या खऱ्या. २०१४ पासून मेट्रो आली, डिसेंबर २०१७ मध्ये पहिली वातानुकूलित लोकल धावली. मला अधिक शहाणपणाचा वाटतो तो एक साधासा उपाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्याच मुंबईच्या मुख्यालयातील कामाच्या वेळा दोन भागांत विभागल्या, एक लवकरची आणि एक उशिराची, आणि इतर कचेऱ्यांनाही तसे करण्यास सुचवले. यात सिमेंटचे एक पोतेही लागत नाही. पण साहेब अकराला आणि कारकून साडेनऊला, ही व्यवस्था आपल्याकडे फार जुनी आहे. उलटे होणे अवघड.

आपल्याला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला आहे. शेलूबाजारला चढले की मुंबई एका दिवसाच्या आत. महामार्ग संपतो तो भिवंडीजवळ आमणे येथे, आणि तेथून पुढे शहरात शिरणारी मोटार त्याच जुन्या रांगेत उभी राहते. आपल्या वर्गातील निम्मे तरी नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईकडे जाणार. त्यांच्यासाठी मावशीने सांगितलेल्या दोन गोष्टी येथे देतो. खोली पाहताना भाडे विचारण्याआधी स्टेशन कोणते, फास्ट थांबते का, आणि सकाळी आठ वाजता तेथे चढता येते का, हे स्वतः जाऊन पाहावे. घरमालकाच्या 'पाच मिनिटां'वर विश्वास ठेवू नये. आणि गाडी सुटत असेल तर सुटू द्यावी. तीस वर्षांत तिने किती गाड्या सोडल्या याचा हिशेब मात्र आम्ही मांडला नाही.